गाऱ्हाण्यात एक नाव कमी

मुलुंडच्या मैदानावर माझा आवाज दोनदा ऐकू येतो. एकदा कर्ण्यातून, आणि एकदा हायवेपलीकडच्या उंच इमारतींना लागून परत येतो तेव्हा. मध्ये एक श्वास घेण्याइतकं अंतर पडतं. पहिल्या वर्षी मी दचकलेच होते, वाटलं कोणीतरी टवाळ माझी नक्कल करतोय. आता सवय झालीय. मी बोलते, थांबते, तो दुसरा आवाज येऊन गेला की पुढचं वाक्य घेते. लोक म्हणतात, बाई काय तोलूनमापून बोलतात! कसला तोल नि कसलं माप, मी आपली माझ्याच आवाजाला जायला वाट देत असते.

पत्रिकेवर 'निवेदिका' असं छापतात. मैदानावर मला सगळे माईकवाली म्हणतात आणि मला तेच आवडतं. थंडी पडायला लागली की आमच्या उपनगरांत मैदानं भरायला लागतात. मुलुंडला मालवणी जत्रा, बोरिवलीला आगरी-कोळी जेवणाचा महोत्सव, घाटकोपरला उंधियूच्या संध्याकाळी, अंधेरीला नाताळात लॉनवर केक आणि गिटार. मे महिन्यात आंबे. पावसाळ्यात मी आणि कर्णे, दोघंही घरी. जन्म घाटकोपरच्या चाळीतला, आई देवगडकडची, त्यामुळे मालवणी येते. पण खरं सांगू, त्यात शिव्या जास्त आणि व्याकरण कमी.

माझं टेबल रंगमंचाच्या कोपऱ्यात, जरा उंचावर असतं. तिथून सगळं दिसतं. दिवे लागायची वेळ मला सगळ्यात प्रिय. आकाशात अजून थोडा उजेड उरलेला असतो, आणि खाली बल्बांच्या माळा एकदम पेटतात. तव्यावरच्या सुरमईचा धूर, तेलात फुगणारे वडे, हजारो पायांनी उडवलेली लाल माती, सगळं मिसळून माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक पातळ ढग तयार होतो. त्या ढगाच्या वर आकाशपाळणा सावकाश फिरत असतो. मी कितीतरी वर्षं हे बघतेय, तरी दर वर्षी त्या घटकेला मी कुठे आहे ते विसरते. वाटतं, हे मुलुंड नाहीच. कोणीतरी झोपेत पाहिलेलं गाव आहे आणि आपल्याला त्यात बोलायला बसवलंय.

आणि माणसं चालतात कशी, ते बघण्यासारखं असतं. आख्ख्या मुंबईत माणूस कुठेतरी पोचायला चालतो. इथे कोणाला कुठेच पोचायचं नसतं. हातात वाटी, तोंडात घावण्याचा तुकडा, नजर वर पाळण्याकडे, आणि पाय आपले नेतील तिकडे. बँकेतले साहेब लोक बूट घालून, अर्धवट हसत, लहान मुलासारखे स्टॉलमागून स्टॉल हिंडत असतात. असं तंद्रीत चाललं की व्हायचं तेच होतं. बाजूच्या माणसाशी बोलत बोलत बारा पावलं जातात आणि वळून बघतात तर बाजूला भलताच कोणीतरी.

इथे माझं खरं काम सुरू होतं. लोकांना वाटतं मोबाईल आल्यावर या बाईला कोण विचारणार? या एकदा रविवारी जत्रेला. एवढी माणसं एका मैदानात आली की नेटवर्कची वाट लागते, आणि ज्याचा फोन लागतो त्याला ढोलाच्या आवाजात ऐकू येत नाही. मग सगळे माझ्याकडे. आमच्या कामाचे काही नियम आहेत, ते कुणी शिकवत नाही, चुकून चुकून कळतात. लहान मूल सापडलं तर त्याचे कपडे माईकवर सांगायचे नाहीत. जो न्यायला येईल त्याला विचारायचे. मोठ्या माणसाला 'हरवले' म्हणायचं नाही, फार राग येतो. 'चुकामूक झाली आहे' म्हणायचं. त्यात दोष दोघांत वाटला जातो आणि दोघंही हसत येतात.

एकदा बोरिवलीला एक गृहस्थ घामाघूम होऊन आले. म्हणाले, "मॅडम, बायको सापडत नाहीये, कधीचा शोधतोय." मी नाव पुकारलं, साडीचा रंग सांगितला. कोणी येईना. तेवढ्यात वरून हाक आली. बाई एकट्याच पाळण्यात बसल्या होत्या, अगदी टोकाला, आणि तिथून ओरडून सांगत होत्या, "ओ, मी हरवले नाहीये! मी मजा करतेय! त्यांना म्हणावं जेवून घ्या!" मी ते जसंच्या तसं माईकवर सांगितलं. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थ खाली मान घालून तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, स्टॉलच्या रांगेत जाऊन उभे राहिले, बिचारे.

दुसऱ्या एका वर्षी कोंबडीच्या रश्श्याच्या स्टॉलवर कवळी सापडली. आता ही घोषणा करायची कशी? मी म्हटलं, "एक मौल्यवान वस्तू सापडली आहे, ज्यांना सध्या बोलायला त्रास होतोय त्यांनी रंगमंचाकडे यावं." दोघं जण आले आणि दोघंही तोंडावर रुमाल धरून. आमचा साऊंडवाला बाबल्या जमिनीवर बसून हसत होता. मी त्याला दटावलं, पण मलाही पुढची घोषणा धड करता आली नाही.

हा बाबल्या म्हणजे माझा उजवा हात. कुडाळचा, तोंडाने फाटका, कानाने पक्का. कुठल्या कर्ण्यातून किती खरखर येतेय ते तो डोळे मिटून सांगतो. आता काही ठिकाणी घोषणा आधीच रेकॉर्ड करून लावतात. 'आपल्या सामानाची काळजी घ्या' असं एक गोड पोरगी न थकता म्हणत असते. ऐकायला बरं वाटतं, पण तिला कोणी येऊन काही विचारू शकत नाही ना! याचं मला वाईट वाटतं, आणि थोडी असूयाही वाटते, कारण तिचा घसा कधी बसत नाही.

पण मला सांगायचंय ते गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं.

जत्रेचा रविवार. संध्याकाळ नुकतीच पडली होती. दशावतार सुरू व्हायचा होता. राजाचं काम करणारा नट तोंडाला रंग, डोक्यावर मुकुट, अशा थाटात माझ्या टेबलाशेजारी उभं राहून कटिंग पीत होता. तेवढ्यात एक बाई पायऱ्या चढून आली. पन्नाशीची असेल. हातात सोलकढीचे दोन ग्लास, दोन्ही अर्धे सांडलेले.

"ताई, माझे वडील दिसत नाहीयेत. मी हे घ्यायला वळले, आणि वळून बघते तर..."

"बस आधी. नाव काय तुझं?"

"विद्या. आम्ही विक्रोळीचे. वडिलांचं नाव विश्राम, सगळे आप्पा म्हणतात. पांढरा सदरा, तपकिरी स्वेटर, डोक्याला मफलर."

"सापडतील गं. इथून आजवर सगळे सापडलेत."

ती जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तसं नाही ताई. त्यांना विसरायला होतं. डॉक्टर म्हणालेत, हे वाढतच जाणार. मला कधी ओळखतात, कधी विचारतात, तुम्ही कुणाकडच्या. गेल्या महिन्यात चपला न घालता घरातून निघाले होते. तो मागचा दरवाजा हायवेवर उघडतो का हो?"

मी मागच्या फाटकाकडे बघितलं. फाटक सताड उघडं, बाहेर सर्व्हिस रोड, आणि त्याच्या पलीकडे हायवे. तिथे गाड्या कोणासाठी थांबत नाहीत. मी हसू तोंडावर ठेवलं, कारण तेही आमच्या कामात येतं.

मी पुकारलं. मराठीत पुकारलं, मालवणीत पुकारलं, हिंदीत पुकारलं. 'विक्रोळीहून आलेले विश्राम आप्पा, विद्या तुमची वाट बघतेय.' बाबल्याने गाणी बंद केली. स्वयंसेवक पोरं स्टॉलच्या मागे बघून आली. राजा कप खाली ठेवून मुकुटासकट मागच्या फाटकाकडे पळाला. गर्दीतून लोक त्याला वाट देत होते, काही जण नमस्कारही करत होते. मी परत पुकारलं. माझा आवाज इमारतींना लागून परत आला, 'वाट बघतेय, बघतेय', आणि त्याच्या मागून कोणी आलं नाही.

विद्या म्हणाली, "नावाने नाही यायचे ते. दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं तर शेजारच्या माणसाला म्हणाले, 'तुमका बोलवतत, जावा.'"

"मग त्यांना कळतं काय गं? काय आठवतं?"

तिने हातातले ग्लास माझ्या टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "गाऱ्हाणं."

कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगते. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कुठल्याही कामाच्या आरंभी एक जाणता माणूस हात जोडून देवांना मोठ्याने नावानिशी हाक मारतो, आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा!' म्हणून हुंकार देतात. विद्या सांगत होती, विक्रोळीच्या त्यांच्या चाळीत आयुष्यभर हा मान आप्पांचा. गणपती असो, सत्यनारायण असो, कोणी नवी रिक्षा घेतली असो, आप्पांना बोलावणं यायचंच.

"आणि कोणाचं चुकलेलं खपत नाही त्यांना," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने एकदा घातलं, आणि जागेवाल्याचं नाव घ्यायचं राहिलं. आप्पा भरल्या पानावरून उठले. म्हणाले, गावचे देव गावात रवले, हय आमका कोण संबाळता?"

जागेवाला म्हणजे आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिचा राखणदार. मोठा देव नव्हे, देऊळही नसतं त्याचं बऱ्याचदा. पण त्याचं नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आप्पा म्हणे विक्रोळीच्या खाडीवरच्या, तिवरांतल्या जागेवाल्याला न चुकता हाक मारायचे.

मी बाबल्याकडे वळले. "आवाज पूर्ण सोड. मागच्या फाटकाकडचा कर्णा सगळ्यात मोठा. मी गाऱ्हाणं घालतेय."

"ताई, बायल माणसां गाऱ्हाणा घालनत नाय."

"मग तू घाल."

"माका येणा नाय."

"मग गप बस आणि बटण फिरव. आणि ऐक, मी जागेवाल्याचं नाव घेणार नाहीये. मुद्दाम."

बाबल्याचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. चूक करायची, तीही जाणूनबुजून, तीही देवाच्या दारात! माझी आई असती तर तिथेच कानाखाली काढली असती. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, जो कोण तू इथला असशील तो, तुझं नाव गिळतेय ते एका म्हाताऱ्यासाठी. रागवायचं असेल तर उद्या रागव. आणि माईक हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

मैदान क्षणभर थबकलं. आणि मग, तोंडात घास असलेले, रांगेत उभे असलेले, पाळण्यात वर लटकलेले, सगळीकडून एकदम आलं, "व्हय म्हाराजा!" रक्तातच आहे हो ते. आमच्या माणसाला झोपेतून उठवून हाक दिलीत तरी हुंकार येईल. कोपऱ्यातल्या एका गुजराती कुटुंबानेही हौसेने सूर लावला.

"रवळनाथा, वेतोबा, सातेरी आवशी, आज ही तुजी लेकरां ह्या मैदानार जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"खाणाऱ्याक पचू दी, इकणाऱ्याक बरकत दी, पाळण्यात बसलेल्याक सुखरूप खाली हाड!"

"व्हय म्हाराजा!"

हसू पिकलं. मी पुढे गेले. जागेवाल्याचं नाव यायची जागा आली, तिथे थोडी थांबले, आणि नाव न घेता तशीच शेवटाला गेले. 'काय चुकला माकला तर पदरात घे' हे मात्र मी अगदी मनापासून म्हटलं.

मग वाट बघितली. आधी सफारी घातलेले एक आजोबा काठी आपटत आले. "बाये, जागेवालो खंय?" विद्याने आशेने बघितलं आणि मान हलवली. ते नव्हते. त्यांच्या पाठोपाठ वडेवाली मावशी हातात झारा घेऊन आली, तिच्या स्टॉलवर रांग तशीच उभी. "गो, जागेवाल्याक इसारलंस? आमचो धंदो बुडवतलंस!" मग अजून एक म्हातारबुवा आले, तेही ते नव्हते. माझ्या टेबलाभोवती चिडलेल्या मालवण्यांचा घोळका जमला. आमचा माणूस एक वेळ ताटातली सुरमई सोडेल, दुसऱ्याची चूक सोडणार नाही. एरवी मी पोट धरून हसले असते. पण विद्या एकेका चेहऱ्याकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी थोडी खचत होती, ते मला बघवत नव्हतं.

आणि मग मागच्या फाटकाकडची गर्दी हलली. पुढे तपकिरी स्वेटरातला एक बारीकसा माणूस, तरातरा चालत, स्वतःशीच पुटपुटत. मागे दोन पावलांवर मुकुट घातलेला राजा, हात पसरून, म्हातारा पडला तर धरायला. राजाने नंतर सांगितलं, बरंच शोधल्यावर त्याला आप्पा लांबून दिसले ते फाटकाबाहेर रस्त्याच्या अगदी कडेला, पाऊल उचलण्याच्या बेतात. तो पोचायच्या आत कर्ण्यावरचं गाऱ्हाणं संपलं, तशी त्यांनी मान झटकली, आणि 'मेल्यांक अक्कल नाय' म्हणत मागे फिरले.

विद्याच्या अंगावरून गेले, पण तिच्याकडे बघितलं नाही. सरळ पायऱ्या चढून माझ्यासमोर आले.

"कोणी घातल्यान गाऱ्हाणा?"

"मी, आप्पा."

"बायल माणसान? आसां दी. पण जागेवालो खंय? आमी काय वाऱ्यार उभे आसंव?"

"चुकला, आप्पा. तुम्हीच घाला आता."

त्यांनी चपला काढल्या. मफलर काढून माझ्या हातात दिला. हात जोडले, म्हणून माईक बाबल्याने त्यांच्या तोंडाशी धरला. आणि त्या काटकुळ्या देहातून जो आवाज निघाला, बाई गं! मी आयुष्यभर आवाजाचं खाते, पण तसा आवाज माझ्याकडे नाही. एकही शब्द अडला नाही. देवांची नावं एकामागून एक येत गेली, गावची, शिवेवरची, चव्हाट्यावरची, आणि प्रत्येक नावानंतर मैदानाचा हुंकार. तव्यांवरची उलथणी थांबली. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला, वरची माणसं वरच राहिली. धुराचा ढग दिव्यांखाली स्थिर झाला होता. मला वाटलं ही संध्याकाळ आता अशीच राहणार, कोणी घरी जाणार नाही, कोणाला काही विसरायला होणार नाही.

"ह्या मैदानाच्या जागेवाल्या, खाडयेवरच्या जागेवाल्या, तुजा नाव आमका ठावक नाय, पण तू आसंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या जमनीर आमी पोटाक इलंव. तू आमका ऱ्हवाक दिलंस!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते थांबले. हात तसेच जोडलेले. आवाज एकदम खाली आला, आणि बाबल्याला माईक पुढे न्यावा लागला.

"आणि म्हाराजा, माजा एक मागणा आसा. माजा चेडू ह्या जत्रेत चुकलासा. ल्हान आसा ता. दोन येणये घातलेत. घाबारतला. ज्येच्या नजरेक पडात त्येका बुद्धी दी, आणि ता माज्या हातात हाडून दी रे म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी. कोणालाच आधी काही कळलं नाही. मग सगळं मैदान एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा!" इतक्या जोरात मी ते कधी ऐकलं नव्हतं. बायका आपापल्या आजूबाजूला बघायला लागल्या, दोन वेण्यांची एखादी पोर कुठे रडत उभी आहे का म्हणून. विद्या पायरीशी उभी होती. तीही सगळ्यांबरोबर म्हणाली, आणि तिचे केस पांढरे होते. मी रडत होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

आप्पा खाली उतरायला लागले, आणि ती समोर दिसली.

"बाये, माजा चेडू बघलंस खंय?"

विद्याने माझ्या हातातला मफलर घेतला आणि त्यांच्या डोक्याला नीट बांधला. चपला त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या.

"बघलंय. तुमचीच वाट बघता. चला, दाखवतंय."

"रडता काय ता?"

"नाय आप्पा. आता नाय रडणा."

त्यांनी तिचा हात धरला. दोघं पायऱ्या उतरली आणि गर्दीने आपोआप वाट केली. राजाने डोळे पुसले तेव्हा त्याचा रंग गालभर पसरला. एवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "ओ माईकवाल्या बाय, चेडू गावला काय ता?" मग दुसरीकडून, मग पाळण्यातून, सगळीकडून तोच प्रश्न यायला लागला. बाबल्याने माईक माझ्यासमोर ठेवला.

मी घसा साफ केला आणि म्हटलं, "मंडळी, मुलगी सापडली आहे. वडिलांचा हात धरून घरी चालली आहे."